लेझरने तांबं वितळताना एक्स-रे स्पेक्ट्रममध्ये काय शोधायचं: सोलापुरात बसून प्रयोगाची पूर्ण तयारी

एमएस्सी फिजिक्स करणाऱ्या सोलापूरच्या बऱ्याच मुलामुलींच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की फेम्टोसेकंद (सेकंदाचा लाख कोटीवा भाग म्हणजे पिकोसेकंद, त्याचाही हजारावा भाग) एक्स-रे वगैरे सगळं हॅम्बुर्ग नाहीतर कॅलिफोर्नियाचं काम, आपण केगावच्या विद्यापीठ कॅम्पसवर बसून त्यात काय करणार. मशीन तिकडे आहे हे खरंच आहे. पण असा प्रयोग जमणार की फसणार हे मशीनवर ठरतच नाही, ते कितीतरी आधी ठरतं: फिल्म किती जाड, लेझर कुठल्या रंगाचा, कुठली अ‍ॅब्सॉर्प्शन एज (ज्या ऊर्जेला एक्स-रेचं शोषण एकदम उडी मारतं ती जागा) आणि किती पिकोसेकंदापर्यंत मोजायचं, ह्या चार गोष्टींवर. आणि ह्या चारही गोष्टी वही, लॅपटॉप आणि पायथन एवढ्यावर घरी बसून काढता येतात. प्रयोग असा: लेझरचा पल्स पातळ फिल्म तापवतो आणि ठरावीक वेळाने (ह्याला डिले म्हणतात) एक्स-रेचा पल्स तिच्यातून जाऊन आत काय झालं ते स्पेक्ट्रममध्ये दाखवतो. खाली तांबं घेऊन सगळं करून दाखवतो. आकडे माझ्यावर विश्वास ठेवून पुढे नेऊ नका, प्रत्येक आकडा एकदा स्वतः काढून बघा.

आधी प्रश्न काय आहे ते

फेम्टोसेकंद लेझरचा पल्स धातूवर पडला की ऊर्जा पहिल्यांदा इलेक्ट्रॉन घेतात. इलेक्ट्रॉनची उष्णताधारकता फार कमी, त्यामुळे ते झटक्यात हजारो केल्विनला जातात आणि त्या क्षणी अणूंची जाळी मात्र अजून खोलीच्या तापमानालाच असते. म्हणजे एकाच तुकड्यात एकाच वेळी दोन तापमानं. मग इलेक्ट्रॉन हळूहळू, म्हणजे काही पिकोसेकंदात, ऊर्जा जाळीला देतात. ह्याचं गणित कागानोव, लिफशिट्झ आणि तानातारोव यांनी १९५७ मध्ये मांडलं आणि अनिसिमोव यांच्या ग्रुपने १९७४ मध्ये ते लेझरने तापवलेल्या धातूला लावलं, आज सगळे त्याला टू-टेंपरेचर मॉडेल म्हणतात.

फेज ट्रान्झिशन, म्हणजे इथे वितळणं, ही जाळीची गोष्ट. पण ती कधी आणि कशी होते ते इलेक्ट्रॉन किती तापलेत, किती वेगाने ऊर्जा देतायत ह्यावर अवलंबून. डिफ्रॅक्शन (किरण स्फटिकावरून कसे विखुरतात ते बघणं) तुम्हाला जाळीबद्दल उत्तम सांगतं, इलेक्ट्रॉनबद्दल मात्र थेट काही सांगत नाही. एक्स-रे अ‍ॅब्सॉर्प्शनचा स्पेक्ट्रम नीट निवडला तर त्यातच एका ठिकाणी इलेक्ट्रॉन दिसतात आणि दुसऱ्या ठिकाणी जाळी. माझ्या मते ह्या पद्धतीची सगळी ताकद ह्यातच आहे, आणि खालची प्रत्येक पायरी ह्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत म्हणूनच आहे.

वितळणंही एकाच प्रकारचं नसतं. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत सोन्याच्या ३५ नॅनोमीटर फिल्मवर इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनने केलेलं काम २०१८ मध्ये छापून आलं, त्यात कमी ऊर्जेला वितळणं १०० ते १००० पिकोसेकंद घेतं आणि जास्त ऊर्जेला सगळं सोनं एकदम १० ते २० पिकोसेकंदात कोसळतं असं दिसलं. पहिल्या प्रकारात द्रव पृष्ठभागापासून आणि कणांच्या सीमांपासून आत सरकत जातो, दुसऱ्यात आतमध्ये सगळीकडे एकाच वेळी सुरुवात होते. २०२५ मध्ये तर ५० नॅनोमीटर सोनं ४५ फेम्टोसेकंदाच्या पल्सने तापवून साधारण १९ हजार केल्विनला, म्हणजे वितळणबिंदूच्या १४ पटीहून वर, अजून स्फटिक अवस्थेतच असल्याचं स्लॅकमधूनच आलं. हे समजलं की "तापमान वितळणबिंदूच्या वर गेलं म्हणजे वितळलं" हे डोक्यातून काढून टाकावंच लागतं.

एज कुठली: के की एल

तांब्याची के-एज (सगळ्यात आतल्या कवचाची) ८९७९ इलेक्ट्रॉनव्होल्टला आणि एल-तीन एज (त्याच्या बाहेरच्या कवचाची) ९३२.७ ला. नवीन माणूस बहुतेक वेळा के-एज धरतो कारण एक्झाफ्सचं (एजच्या पुढे दूरवर दिसणाऱ्या बारीक लाटांचं) सगळं शिक्षण के-एजवर झालेलं असतं. इथे थांबा आणि एक छोटा हिशोब करा. के-एजच्या वर तांब्याचा मास अ‍ॅटेन्युएशन साधारण २७८ चौरस सेंटिमीटर प्रति ग्रॅम आहे, घनता ८.९६, म्हणजे १०० नॅनोमीटर फिल्ममध्ये जेमतेम अडीच टक्के एक्स-रे शोषले जाणार. त्या अडीच टक्क्यांवर बसलेल्या बारीक लाटांमधला एक-दोन टक्के बदल तुम्हाला शोधायचाय! ट्रान्समिशनमध्ये ते विसराच. फिल्म काही मायक्रॉन जाड केली तर एक्स-रे खुश, पण लेझर फक्त वरचा थर तापवणार आणि खालचं थंड तांबं सगळ्या सिग्नलमध्ये मिसळणार.

एल-तीनच्या वर हाच आकडा १० हजारांच्या आसपास जातो, ८० नॅनोमीटरमधून साधारण निम्मे एक्स-रे पार होतात, म्हणजे अगदी हवं तसं. शिवाय एल-तीनला २पी मधला इलेक्ट्रॉन ३डी कडे जातो. थंड तांब्यात ३डी पट्टा पूर्ण भरलेला, तिथे जागाच नाही. लेझरने डी पट्ट्यातले इलेक्ट्रॉन वर ढकलले की जागा रिकामी होते आणि एजच्या आधी, जिथे काहीच नव्हतं तिथे, एक छोटा उंचवटा उगवतो. हा तुमचा इलेक्ट्रॉनचा थर्मामीटर. एजच्या पुढे ९३७ आणि ९४१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास जे दोन उंचवटे दिसतात ते तांब्याच्या एफसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर अणू असलेल्या) रचनेमुळे, ती जाळीची खूण.

एल-एजचा तोटाही सांगतो. एल-दोन एज ९५२.३ ला, म्हणजे फक्त २० इलेक्ट्रॉनव्होल्ट पुढे, त्यामुळे लांबलचक एक्झाफ्स मिळत नाही, दोन्ही एकमेकांवर चढतात. झेन्सवरच, म्हणजे एजच्या अगदी जवळच्या आकारावरच, काम भागवायचं. पातळ फिल्मसाठी मी तरी ही तडजोड डोळे झाकून स्वीकारेन.

(लोखंड निवडलं तर ९१२ अंशाला बीसीसी ते एफसीसी असं घन ते घन ट्रान्झिशनही आहे, ते सुंदर आहे, पण त्यात चुंबकत्व मधे येतं. पहिल्यांदा तांबंच घ्या.)

लेझरचा रंग आणि ऊर्जा

टायटेनियम-सॅफायर लेझर ८०० नॅनोमीटरला देतो. तांबं ८०० ला साधारण ९६ टक्के प्रकाश परत फेकतं. त्याची दुसरी हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सी) काढली की ४०० नॅनोमीटर, तिथे साधारण निम्माच परत जातो. आणखी एक, ४०० चा फोटॉन ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, तांब्याचा डी पट्टा फर्मी पातळीच्या (थंड धातूत इलेक्ट्रॉन जिथपर्यंत भरलेले असतात तिच्या) साधारण २ इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली, म्हणजे फोटॉन थेट डी पट्ट्यातून इलेक्ट्रॉन काढू शकतो. ८०० चा १.५५ वाला ते करू शकत नाही. म्हणून ४०० घ्या.

आता ऊर्जा. तांबं खोलीच्या तापमानापासून १३५८ केल्विनपर्यंत न्यायला साधारण २९ किलोज्यूल प्रति मोल, वितळायला अजून १३, एकूण ४२ च्या आसपास. मोलर आकारमान ७.१ घन सेंटिमीटर, म्हणजे ६ किलोज्यूल प्रति घन सेंटिमीटर. ८० नॅनोमीटर जाडीला गुणा, ४८ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर शोषली गेली पाहिजे. ४०० नॅनोमीटरला निम्मं परत जातं म्हणून टाकायची साधारण ०.१ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. हेच ८०० ला केलं असतं तर १.२ लागले असते, बघा किती फरक. २०० मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्यासाठी हे झाले ३० मायक्रोज्यूल, टेबलवरच्या लेझरला सहज जमणारे.

इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात की लेझरचा ठिपका गॉसियन असतो आणि मधल्या टोकाची फ्लुएन्स (दर चौरस सेंटिमीटरला पडणारी ऊर्जा) ही एकूण ऊर्जा भागिले क्षेत्रफळ (क्षेत्रफळ १/ई-वर्ग त्रिज्येने काढलं तर) याच्या दुप्पट येते, म्हणून प्रपोजलमध्ये (मशीनवर वेळ मागायच्या अर्जात) कुठली फ्लुएन्स लिहिताय ते स्पष्ट लिहा. एक्स-रेचा ठिपका लेझरच्या ठिपक्याच्या निम्म्याहून मोठा ठेवू नका म्हणजे सपाट भागातच मोजमाप होईल. आणि तापताना परावर्तन बदलतं, पुस्तकातला आकडा चालत नाही, म्हणून प्रत्येक शॉटला परत गेलेली आणि पार झालेली लेझर ऊर्जा मोजायची सोय ठेवा, वजाबाकी केली की शोषलेली मिळते. हे फोटोडायोड बसवणं कंटाळवाणं काम आहे पण पेपरचा एक्स-अक्ष त्याच्यावरच उभा असतो.

टू-टेंपरेचर मॉडेल लॅपटॉपवर

दोन समीकरणं आहेत फक्त. इलेक्ट्रॉनची उष्णताधारकता गुणिले त्यांच्या तापमानाचा बदल बरोबर लेझरची ऊर्जा वजा जी (इलेक्ट्रॉन जाळीला किती वेगाने ऊर्जा देतात तो आकडा) गुणिले दोन तापमानांतला फरक. जाळीसाठी तेच, लेझर काढून आणि चिन्ह उलटं करून. तांब्यासाठी इलेक्ट्रॉनची उष्णताधारकता म्हणजे गॅमा गुणिले इलेक्ट्रॉनचं तापमान, गॅमा ९७ ज्यूल प्रति घनमीटर प्रति केल्विन वर्ग. जी साधारण १० चा १७ वा घात वॉट प्रति घनमीटर प्रति केल्विन. जाळीची उष्णताधारकता ३५ लाख ज्यूल प्रति घनमीटर प्रति केल्विन. एक फेम्टोसेकंदाची पायरी घेऊन साधी ऑयलर पद्धत चालते, तीस ओळींचा कोड होतो.

कोड चालवण्याआधी हाताने अंदाज काढा. वर काढलेली ऊर्जा सगळी इलेक्ट्रॉनकडे गेली तर त्यांचं तापमान वर्गमूळ काढून ११ हजार केल्विनच्या आसपास येतं. प्रत्यक्षात कमी येईल कारण एवढ्या तापमानाला डी पट्टाही उष्णता खातो आणि गॅमाचा साधा नियम मोडतो. जाळी सुरुवातीला पिकोसेकंदाला ३०० केल्विन ह्या वेगाने तापते, म्हणजे १३५८ गाठायला साधारण चार पिकोसेकंद. पहिला कोड हे आकडे देत असेल तरच पुढे जा. मग गॅमा आणि जी तापमानानुसार बदलणारे घाला, व्हर्जिनिया विद्यापीठात झिगिलेई यांच्या ग्रुपने २००८ मध्ये तांबं, सोनं, निकेल, अ‍ॅल्युमिनियम अशा धातूंसाठी हे गणिताने काढून ठेवलंय आणि सगळे तेच वापरतात.

आता खरा डिझाइनचा मुद्दा. जाड आधाराशिवाय ताणलेली फिल्म तापली की दोन्ही बाजूंनी फुगायला लागते, ध्वनीचा वेग ४.७ किलोमीटर प्रति सेकंद म्हणजेच ४.७ नॅनोमीटर प्रति पिकोसेकंद, ८० ची निम्मी जाडी ४० भागिले ४.७, साडेआठ पिकोसेकंदात विरळपणाची लाट मध्यभागी पोचते. त्यानंतर स्पेक्ट्रममध्ये जो बदल दिसेल त्यात वितळणं किती आणि घनता कमी होणं किती हे वेगळं करणं फार अवघड. फक्त काठावरची ऊर्जा (वर काढलेली, जेमतेम वितळवणारी) दिली तर जाळीला वितळणबिंदू गाठायलाच चार पिकोसेकंद जातात आणि वितळायला वेळच उरत नाही. दुप्पट ऊर्जा दिली तर तेच अंतर अडीच पिकोसेकंदात कापलं जातं. म्हणून तीन फ्लुएन्स ठेवा: काठाच्या खाली, काठाच्या दुप्पट आणि तिप्पट. पहिली फ्लुएन्स वाया जात नाही, तिच्यातूनच तुम्हाला गरम पण न वितळलेल्या तांब्याचा स्पेक्ट्रम मिळतो, आणि तो पुढे किती लागतो ते बघालच.

फिल्म

८० नॅनोमीटर का? ४०० चा प्रकाश जेमतेम १५ नॅनोमीटर आत जातो, पण तापलेले इलेक्ट्रॉन न आपटता साधारण ७० नॅनोमीटर धावतात, त्यामुळे एवढ्या जाडीपर्यंत फिल्म बऱ्यापैकी सारखी तापते. सिलिकॉनच्या चौकटीत सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ पडद्यांच्या बारीक खिडक्या ओळीने बसवलेल्या येतात, त्यावर थर्मल इव्हॅपोरेशन किंवा स्पटरिंगने तांबं चढवायचं. सोलापुरात थिन फिल्मवर काम केलेले लोक सापडतात, त्यांच्याकडून व्हॅक्यूम आणि जाडी मोजायचं तंत्र शिकून घ्या, मात्र बाथमध्ये केमिकलने बनवलेली फिल्म इथे चालणार नाही. इव्हॅपोरेशनच्या मधेच लाइट गेली तर तो सबंध बॅच बाजूला ठेवा, थर थांबून परत चढलेला असतो आणि मधे ऑक्साइडचा पडदा बसतो.

ऑक्साइड हा तर ह्या प्रयोगाचा सगळ्यात मोठा शत्रू. क्युप्रिक ऑक्साइडचा तीक्ष्ण उंचवटा ९३१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतो, म्हणजे नेमका तिथे जिथे तुम्ही गरम इलेक्ट्रॉनची खूण शोधताय. सोलापूरची हवा कोरडी म्हणून तांबं खराब होत नाही असं अजिबात समजू नका, ८० नॅनोमीटरला दोन-तीन नॅनोमीटरचा थरही खूप झाला. वर कार्बनचा पातळ थर द्या, व्हॅक्यूममध्ये ठेवा, आणि प्रत्येक बॅचमधल्या काही खिडक्यांचा थंड स्पेक्ट्रम आधी घ्या.

खिडक्या किती लागतील? प्रत्येक शॉटला फिल्म उडून जाते, म्हणजे एक शॉट एक खिडकी. दहा डिले, प्रत्येकी शंभर शॉट, तीन फ्लुएन्स म्हटलं की तीन हजार झाल्या. वर तुटलेल्या, सुरकुतलेल्या धरा. हॅम्बुर्गजवळचं युरोपियन एक्सफेल हे एक्स-रे लेझरचं मशीन सेकंदाला २७ हजार पल्स देऊ शकतं हे वाचून हुरळून जाऊ नका, तुमचा वेग खिडक्या सरकवण्याच्या वेगाने ठरतो.

वेळ शून्य, डिले आणि एक्स-रे किती

लेझरच्या वाटेतल्या आरशांची जोडी १५० मायक्रॉन सरकली की एक पिकोसेकंद फरक पडतो, जाऊन-येऊन ३०० मायक्रॉन होतात म्हणून. एक मायक्रॉन म्हणजे ६.७ फेम्टोसेकंद. पण एक्स-रे आणि लेझर प्रत्येक शॉटला थोडे पुढेमागे पोचतात, तो जिटर (वेळेतली थरथर) टायमिंग टूल नावाच्या उपकरणाने शॉटप्रमाणे मोजून नंतर डेटा योग्य खणात टाकायचा असतो. तुमच्याकडून एवढंच की डिले समान अंतरावर ठेवू नका. शून्याच्या आधीचे दोन बिंदू घ्याच, मग दोन पिकोसेकंदापर्यंत दाट, त्यानंतर १० पर्यंत विरळ, आणि ५० किंवा १०० चा एखादा.

एक्स-रेनेच फिल्म तापते का हेही बघावं लागतं. लेझरच्या एक टक्क्याहून कमी ऊर्जा एक्स-रेने टाकावी असं धरलं तर शोषलेली अर्धा मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर, आलेली एक, १०० मायक्रॉनच्या ठिपक्यावर ८० नॅनोज्यूलच्या आसपास, ९३३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनने भागलं की साधारण ५० कोटी फोटॉन प्रति शॉट. ही तुमची वरची मर्यादा. खालची मर्यादा सिग्नलवरून: एका ऊर्जाखणात ०.२ टक्के अचूकता हवी असेल तर अडीच लाख फोटॉन मोजले गेले पाहिजेत, शंभर शॉटमध्ये मिळून. दोन्हींच्या मधे भरपूर जागा आहे, म्हणजे प्रयोग शक्य आहे, आणि हे वाक्य आकड्यांसकट प्रपोजलमध्ये गेलंच पाहिजे.

मोकळ्या इलेक्ट्रॉन लेझरच्या (फ्री-इलेक्ट्रॉन लेझर, म्हणजे एक्सफेलसारखी मशीनं) एक्स-रेचा स्पेक्ट्रम प्रत्येक शॉटला वेगळाच, काटेरी असतो. म्हणून येणारा स्पेक्ट्रम आणि पार झालेला स्पेक्ट्रम एकाच शॉटमध्ये मोजल्याशिवाय भागाकाराला अर्थ नाही. युरोपियन एक्सफेलच्या एससीएस इन्स्ट्रुमेंटवर एका झोन प्लेटने (एक्स-रे वळवणाऱ्या बारीक नक्षीच्या चकतीने) बीमचे तीन भाग करतात, एक तापवलेल्या फिल्ममधून, एक न तापवलेल्यातून, एक रिकाम्या खिडकीतून. ह्याहून स्वच्छ उपाय मला तरी माहीत नाही.

स्पेक्ट्रम वाचायचा कसा

एजच्या आधीचा उंचवटा आधी. क्वांटम एस्प्रेसो हा प्रोग्रॅम फुकट आहे, त्यात तांब्याची डेन्सिटी ऑफ स्टेट्स (कुठल्या ऊर्जेला इलेक्ट्रॉनसाठी किती जागा आहेत ते) काढा, फर्मी-डिरॅक वितरण वेगवेगळ्या तापमानाचं लावून रिकाम्या जागा किती आणि कुठे ते काढा, आणि मोजलेल्या उंचवट्याशी जुळवा. तापमान वाढलं की केमिकल पोटेन्शियलही (ह्या वितरणाची मधली पातळी) सरकतं, ते न धरता जुळवलं तर तापमान चुकीचं येतं.

मग ९३७ आणि ९४१ चे उंचवटे. इथेच बहुतेक लोक घाई करतात, उंचवटे बसले की "वितळलं" म्हणून मोकळे होतात. पण नुसत्या तापलेल्या, अजून स्फटिकच असलेल्या तांब्यातही अणू जोरात हलतात आणि हे उंचवटे बुजायला लागतात. सोलापुरी चादरीची नक्षी जोरात हलवल्यावर पुसट दिसते आणि धागे उसवल्यावर नाहीशीच होते, दोन्हीमधला फरक तुम्हाला त्या एका स्पेक्ट्रममधून काढायचाय. म्हणून तीन स्पेक्ट्रम आधी गणिताने तयार ठेवा: थंड घन, अतितप्त घन आणि द्रव. लॅम्प्स ह्या प्रोग्रॅममध्ये मॉलिक्युलर डायनॅमिक्स (अणूंच्या हालचालीचं गणित) करून घनाच्या आणि द्रवाच्या बऱ्याच रचना घ्या, प्रत्येकीचा झेन्स एफडीएमनेस किंवा फेफ ह्या प्रोग्रॅमने काढा आणि सरासरी करा. अतितप्त घनाच्या गणिताला काठाच्या खालच्या फ्लुएन्सचा प्रत्यक्ष डेटा हा आधार, म्हणूनच मघाशी ती फ्लुएन्स सोडू नका म्हटलं. जमलं तर सोबत डिफ्रॅक्शनही मागा, ब्रॅगचे डाग (स्फटिकामुळे पडणारे ठिपके) गेले की वाद मिटतो.

शेवटी एकाच आलेखावर दोन वक्र काढा, डिलेच्या अक्षावर: उंचवट्यातून आलेलं इलेक्ट्रॉनचं तापमान आणि द्रवाचा वाटा. पहिला शून्यालाच चढतो आणि मग उतरतो, दुसरा मागाहून चढतो. ह्या दोघांमधलं अंतर मॉडेलच्या जी शी जुळतंय का, हा तुमचा निकाल.

मशीनपर्यंत कसं पोचायचं

पहिलं ठिकाण इंदूर. राजा रामण्णा सेंटरमधलं इंडस-२ हे अडीच गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचं सिंक्रोट्रॉन आहे, तिथे एक्झाफ्सच्या बीमलाइन आहेत आणि बीएल-१ ही सॉफ्ट एक्स-रे अ‍ॅब्सॉर्प्शनची, तांब्याची एल-एज तिच्यात बसते. तिथे फेम्टोसेकंद काही मिळणार नाही, पण तुमच्या फिल्मचा थंड स्पेक्ट्रम आणि ऑक्साइड किती ते कळेल. इलेक्ट्रॉन यील्डने (फिल्ममधून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजून) मोजलं तर वरचे काही नॅनोमीटरच दिसतात, ऑक्साइड पकडायला ते उलट चांगलंच. कोड शिकायला तांब्याच्या फॉइलचा के-एज डेटा घेऊन अथेना आणि लार्च ह्या प्रोग्रॅमवर हात बसवा, फिट केल्यावर पहिलं शेल (सगळ्यात जवळचे शेजारी अणू) २.५५ अँगस्ट्रॉमला यायला हवं. बॅकग्राउंड नीट काढायला लागणारा संयम तिथेच येतो.

मग मोठी मशीनं: स्लॅकचं एलसीएलएस २००९ पासून, जपानचं साकला २०११ पासून, हॅम्बुर्गजवळचं युरोपियन एक्सफेल २०१७ पासून चालू आहेत, शिवाय कोरियात पोहांग आणि स्वित्झर्लंडचं स्विसफेल. एलसीएलएस आणि युरोपियन एक्सफेलवर निकाल छापणार असाल तर बीमटाइमचे (मशीनवरच्या वेळेचे) पैसे लागत नाहीत, प्रपोजल तपासून वेळ देतात. स्पर्धा प्रचंड असते, म्हणून आधी काम केलेल्या ग्रुपला तुमचं मॉडेल, फिल्मचा डेटा आणि इंदूरचा स्पेक्ट्रम घेऊन मेल करा. "मला संधी द्या" असा मेल कुणी वाचत नाही, "माझ्याकडे ऑक्साइड तपासलेल्या इतक्या खिडक्या तयार आहेत आणि हा माझा हिशोब" असा मेल वाचतात.

प्रपोजलमध्ये बारा तासांच्या शिफ्टचा तास-तास हिशोब द्या. पहिली शिफ्ट वेळ शून्य आणि ठिपके जुळवण्यातच जाते, ती तशीच लिहा. मधली फ्लुएन्स आधी, कारण लेझर बिघडला आणि वेळ संपला तरी तिच्यातून पेपर निघतो. नमुने दोन वेगळ्या बॅचचे, दोन वेगळ्या डब्यांत, दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत न्या.